एकधारी रेझर हाती घेताना

सलूनच्या खुर्चीत बसलं की कारागीर पाकिटातून नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध वाकवून त्याचे दोन तुकडे करतो आणि त्यातला एक वस्तऱ्यात सरकवतो. महाराष्ट्रातल्या गावोगावी हे रोज घडतं. म्हणजे एका धारेने केलेली दाढी आपल्या गालांना चांगली ओळखीची आहे. अनोळखी आहे तो घरी, आरशासमोर, स्वतःच्या हाताने वापरायचा एकधारी सेफ्टी रेझर. अमेरिकेतल्या काही छोट्या उत्पादकांनी गेल्या दशकभरात हा जवळजवळ विस्मरणात गेलेला प्रकार पुन्हा बाजारात आणला आणि आता तो ऑनलाइन मागवता येतो. पेटी सुंदर असते, धातूचा रेझर हातात भरीव वाटतो, आणि पहिल्याच सकाळी निकाल लावायची घाई होते.

ती घाई महागात पडते. नव्या रेझरसोबत नवा साबण, नवा ब्रश आणि नवं ब्लेड असं सगळं एकाच दिवशी बदललं, तर गाल चरचरला त्याचं कारण कोणतं हे कधीच कळत नाही. रेझर पारखायचा असेल तर बाकीचं काही बदलू नये. रोजचं क्रीम, रोजची वेळ, रोजचं पाणी तसंच ठेवावं. बदलायचा तो फक्त रेझर, आणि त्याच्याबरोबर हाताची सवय.

या सवयीचं मूळ ब्लेडच्या जाडीत आहे. किराणा दुकानात मिळणारं दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. ते स्वतः ताठ नसतं, रेझरच्या दोन पत्र्यांमध्ये दाबून, वाकवून त्याला ताठ करावं लागतं. एकधारी रेझरमधलं अमेरिकन जेम पद्धतीचं ब्लेड सुमारे ०.२३ मिलिमीटर, तर जपानी आर्टिस्ट क्लब पद्धतीचं ब्लेड सुमारे ०.२५ मिलिमीटर जाड असतं. फरक दुपटी-अडीचपटीचाच दिसतो. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टेबलाच्या कडेबाहेर काढून धरलेली पट्टी बोटाने दाबून पाहिली की हे लगेच कळतं: पातळ पट्टी थरथरते, जाड पट्टी हलत नाही. त्या हिशेबाने, आधाराबाहेरची लांबी सारखी धरली तर जेमचं ब्लेड दुधारीपेक्षा सुमारे १२ पट आणि जपानी ब्लेड सुमारे १६ पट ताठ. याचा अर्थ ते जास्त धारदार आहे असा नाही. राठ केस आडवा आला तरी ते मागे झुकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पातळ ब्लेडने दाढी करणारा हात नकळत थोडा दाब देत असतो, कारण ब्लेडची लवचीकता त्यातला काही दाब पोटात घेते. जाड ब्लेड काहीच पोटात घेत नाही. तोच दाब इथे दिला की थेट कातडीवर येतो.

हे लक्षात घेऊन एकधारी रेझरचा इतिहास पाहिला तर तो अधिक नीट समजतो. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ज्या रेझरचं पेटंट घेतलं, त्यात वस्तऱ्याच्याच पात्याचा आखूड, पाचरीसारखा जाड तुकडा बसायचा आणि तो चामड्याच्या पट्ट्यावर वेळोवेळी परजावा लागायचा. किंग कॅम्प जिलेटने पातळ पत्र्याचं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं, वापरून टाकून द्यायचं ब्लेड आणलं. पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याचे अवघे ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी विक्री ९० हजार रेझरवर गेली. तरीही एकधारी प्रकार संपला नाही. अमेरिकेत जेम आणि एव्हर-रेडी ही नावं पुढची अनेक दशकं टिकली. १९२०च्या दशकात लष्करी अधिकारी जेकब शिकने बंदुकीच्या मॅगझिनवरून कल्पना घेऊन इंजेक्टर रेझर काढला. त्यात किल्लीने ढकललं की जुनं ब्लेड बाहेर पडतं आणि नवं आपोआप जागेवर बसतं. मग १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच, आणि एका धारेची चर्चाच थांबली.

भारतात मात्र एका पात्याने एक वेगळंच पुनरागमन केलं. जिलेटने २०१० मध्ये इथल्या ग्राहकांसाठी 'गार्ड' हा रेझर १५ रुपयांना आणि त्याचं सुटं कार्ट्रिज ५ रुपयांना आणलं. त्यात पातं एकच. त्याआधी भारतासाठी केलेल्या एका रेझरची चाचणी कंपनीने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती आणि ती उत्तम उतरली होती. प्रत्यक्ष भारतात अडचण आली ती पाण्याची. इथे असंख्य लोक वाहत्या नळाखाली नव्हे, तर पेल्यातल्या पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात आणि त्या पाण्यात दाटीवाटीच्या पात्यांमधले केस सुटत नव्हते. धातूचा एकधारी रेझर घेणाऱ्याने हा धडा जरूर लक्षात ठेवावा. आपण मगात रेझर खळबळवतो की नळाखाली धरतो, हे आधी पाहावं. एकधारी रेझरच्या डोक्याला सहसा एकाच बाजूने मोठी मोकळी जागा असते, त्यामुळे मगातल्या पाण्यातही तो चटकन साफ होतो. पाणीटंचाईच्या गावात हा गुण लहान नाही.

खरेदीचा पहिला प्रश्न रेझर कोणता हा नसून ब्लेड कुठलं, हा आहे. रेझर एकदाच घ्यायचा असतो, ब्लेड आयुष्यभर. एकधारी या एकाच नावाखाली किमान चार जाती विकल्या जातात आणि एकीचं ब्लेड दुसरीत बसत नाही. जेमचं ब्लेड अमेरिकन, पाठीवर पत्र्याची दुमड असलेलं. इंजेक्टरचं ब्लेड लांबट आणि अरुंद. सध्याच्या 'सप्लाय' या रेझरमध्ये तेच लागतं. आर्टिस्ट क्लब हे जपानी कंपनी फेदरचं. १९३२ मध्ये सुरू झालेल्या फेदरची मुळं गिफू प्रांतातल्या सेकी या गावची, जे शतकानुशतकं तलवारींसाठी प्रसिद्ध आहे. आर्टिस्ट क्लबची ब्लेड मुळात जपानी न्हाव्यांच्या वस्तऱ्यासाठी केलेली. पुढे इतरांनी त्यांच्याभोवती सेफ्टी रेझर बांधले. २०१५ मध्ये आलेल्या 'वनब्लेड'मध्ये फेदरचंच, पण निराळ्या बैठकीचं ब्लेड लागतं. चौथी जात आपल्या सलूनची: दुधारी ब्लेड मोडून त्याचं अर्धं वापरणारी. लीफ कंपनीचा 'ट्विग' हा या पद्धतीचा सेफ्टी रेझर.

पहिल्या तिन्ही जातींची ब्लेड आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, बाहेरून मागवावी लागतात. म्हणून ज्याला फक्त एका धारेचा अनुभव घ्यायचा आहे, त्याने अर्ध्या ब्लेडच्या रेझरपासून सुरुवात करावी. खर्च कमी आणि ब्लेड कुठेही. पण जाड, ताठ ब्लेडचा खरा स्वभाव त्यात कळत नाही, कारण पत्रा तोच ०.१ मिलिमीटरचा. तो स्वभाव हवा असेल तर जेम किंवा आर्टिस्ट क्लबकडे जावं आणि रेझरसोबतच काही महिन्यांची ब्लेड मागवावीत. रंग किंवा चिकटपट्टी खरवडायला मिळणारी एकधारी ब्लेड दिसायला हुबेहूब जेमसारखी असतात. ती चेहऱ्याला लावू नयेत. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर घर्षण कमी करणारा पातळ लेप असतो, खरवडण्याच्या ब्लेडवर त्याची हमी नसते.

विक्रेत्यांच्या वर्णनात सौम्य, मध्यम, आक्रमक असे शब्द येतात. त्यामागे दोन मापं असतात. ब्लेडची धार आणि तिच्या खालचा आडवा दांडा यांच्यातली फट हे एक. ब्लेडवरची टोपी आणि खालचा दांडा यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पुढे धार किती आली आहे, हे दुसरं. धार रेषेच्या मागे असेल तर रेझर सौम्य, पुढे असेल तर तिखट. रोज दाढी करणाऱ्या आणि नाजूक कातडीच्या माणसाने सौम्य घ्यावा. आठवड्यातून एकदा दाट खुंट काढणाऱ्याला तिखट रेझर सोयीचा. फणीसारखे दाते असलेला खालचा दांडा लांब केसांना वाट देतो, पण सुरुवात सलग दांड्यानेच करावी.

जुना, वापरलेला जेम रेझर घ्यायचा मोह अनेकांना होतो, आणि तो वाईट नाही. या रेझरांची घडण मजबूत असते. फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासावी: ब्लेडची धार ज्या दोन चिमुकल्या अडणींना टेकते त्या समान आहेत का. एक झिजली किंवा वाकली असेल तर ब्लेड तिरकं बसतं आणि एका टोकाला जास्त बाहेर येतं. असा रेझर कितीही देखणा असला तरी परत करावा.

आता प्रत्यक्ष दाढी. पहिली वेळ ऑफिसच्या घाईत नको, सुट्टीच्या दिवशी असावी. त्याआधी केसांची दिशा पाहून ठेवावी. एक-दोन दिवसांच्या खुंटावरून बोटं सगळ्या दिशांनी फिरवावीत. जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलटी दिशा, जिकडे खरखरतं ती उलटी. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात. गळ्यावर मात्र भरवसा नाही: एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला आडवे, कंठमण्याशी भोवरा. बहुतेक जखमा आणि पुरळ गळ्यावरच का येतात, याचं उत्तर या नकाशात असतं.

अंघोळीनंतर लगेच दाढी करणं उत्तम. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, आणि मऊ केस कापायला बराच कमी जोर लागतो. अंघोळ नसेल तर कोमट पाण्याने भिजवून दोन-तीन मिनिटं तरी थांबावं. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेसू देत नाहीत, नुसता चिकट साका होतो. अशा घरी दाढीच्या साबणापेक्षा क्रीम बरं, किंवा फेसापुरतं पिण्याचं गाळलेलं पाणी वापरावं. फेस जाड आणि कोरडा नको, ओला आणि चकचकीत हवा. ब्रश उचलल्यावर फेसाचं टोक किंचित वाकून पडेल इतपत पातळ.

ब्लेड बसवल्यावर रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून धार दोन्ही टोकांना सारखी दिसते का, ते पाहावं. मग टोपीचा सपाट भाग गालावर टेकवावा. या अवस्थेत काहीच कापलं जात नाही. आता रेझर हळू खाली ओढत हातात धरायची दांडी थोडी थोडी गालाकडे आणावी. ज्या क्षणी केस कापल्याचा आवाज सुरू होतो, तो कोन आपला. जेम पद्धतीच्या रेझरला तर टोपी जवळजवळ सपाटच ठेवावी लागते. दुधारी रेझर ३० अंशांवर धरायची सवय असलेल्यांचं इथे चुकतं, कारण दांडी जास्त खाली गेली की धार कातडी खरवडू लागते. जाड ब्लेडचा आवाजही मोठा असतो आणि तो शिकवणारा असतो. स्वच्छ, एकसारखी करकर म्हणजे कोन बरोबर. आवाज बंद झाला तर केस संपले किंवा कोन सुटला.

दाब शून्य. दांडी मुठीत न धरता बोटांच्या टोकांवर तोलावी आणि रेझरचं वजन तेवढं गालावर उतरू द्यावं. हात आखूड चालवावा, एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी, विशेषतः जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली. पहिल्या दिवशी फक्त सुलटा हात फिरवावा. पूर्ण गुळगुळीत झालं नाही तरी तिथेच थांबावं. दुसरा, आडवा हात पुढच्या एक-दोन दाढ्यांनंतर. उलटा हात सगळ्यात शेवटी, तोही गाल तक्रार करत नसतील तरच. प्रत्येक हाताआधी नवा फेस लावावा. कोरड्या कातडीवर परत एकदा ब्लेड ओढण्याचा मोह ओठाच्या कोपऱ्याशी हमखास होतो आणि तिथेच रक्त येतं. मिशीच्या जागेवर जाड डोक्याचा रेझर नाकाखाली अडतो. वरचा ओठ दातांवर ताणून, नाकाचं टोक बोटाने वर धरून, अगदी छोट्या हाताने ती जागा करावी.

नव्या-जुन्याची तुलना प्रामाणिकपणे करायची तर अर्ध्या चेहऱ्याची पद्धत सर्वांत भरवशाची. एक बाजू रोजच्या रेझरने, दुसरी नव्याने, दोन्हींत ताजं ब्लेड. पुढच्या वेळी बाजू बदलायच्या. हे बदलणं महत्त्वाचं, कारण उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा एक गाल कायम दुसऱ्यापेक्षा चांगला होतो आणि त्याचं श्रेय फुकट रेझरला जातं. निकाल लगेच लावू नये. दाढीनंतर लगेच सगळेच गाल गुळगुळीत लागतात. खरं उत्तर संध्याकाळी मिळतं: खुंट किती जाणवतो, कॉलर घासते तिथे लाली आहे का, घाम आल्यावर चुरचुरतं का.

तपासणीचं एक जुनं साधन आपल्या घरात असतंच. तुरटी ओली करून धुतलेल्या चेहऱ्यावर फिरवली की जिथे कातडी खरवडली गेली आहे, तिथे ती झोंबते. गळ्याच्या डाव्या बाजूलाच झोंबली तर तिथला कोन किंवा दिशा चुकली, असं समजावं. पुढच्या दाढीत नेमकी तीच जागा सुधारावी. थोड्या वेळाने तुरटी पाण्याने धुऊन टाकावी, नाहीतर कातडी कोरडी पडते. बारीक कापलं असेल तर स्वच्छ कापूस दाबून धरावा, मग तुरटी. तुरटीचा खडा मात्र ज्याचा त्याचा. रेझर आणि ब्लेड तर घरातही कुणाशी वाटून घेऊ नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जगतो आणि रक्ताचा न दिसणारा अंशही त्याला पुरतो. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड मोडण्याची रीत याचसाठी जपायला हवी.

ज्यांच्या मानेवर दाढीनंतर बारीक फोड येतात, त्यांनी एकधारी रेझरचा विचार खरंच करावा. कुरळा केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की वाढताना तो वळून आत घुसतो आणि भोवती सूज येते. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि पुढचं तो खालून कापतं, म्हणून तिथे हा त्रास वाढू शकतो. एकच धार, सुलटी दिशा आणि कातडी न ताणता केलेली दाढी केसाचं टोक किंचित वर ठेवते. म्हणजे अशा माणसाने वर सांगितलेलं कातडी ताणणं आणि उलटा हात, दोन्ही टाळायचं. थोडा खुंट राहील, राहू द्यावा. पू धरलेले मुरुम असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा जखमेचा व्रण जाड होण्याचा स्वभाव असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

ब्लेड कधी बदलायचं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याबद्दल एक लक्षवेधी अभ्यास छापला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेड खराब होतं, ते कसं, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांना दिसलं की धार नुसती गोलसर झिजत नाही. केस ब्लेडशी तिरका होऊन वाकला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना असमान असली, की धारेचा कपचा उडतो. एका कपच्यानंतर शेजारचे उडायला वेळ लागत नाही. म्हणून दिवस मोजून ब्लेड बदलण्यापेक्षा खुणा ओळखाव्यात: केस ओढल्यासारखे वाटणं, एका जागी परत परत हात फिरवावा लागणं, तुरटी नेहमीपेक्षा जास्त झोंबणं. यातली एकही दिसली की ब्लेड काढावं. महाग आयात ब्लेड आहे म्हणून आणखी एक दाढी ओढण्यात वाचत काही नाही, गालाचं नुकसान तेवढं होतं.

दाढी झाल्यावर रेझर पाण्यात खळबळवावा, झटकावा आणि उभा वाळत ठेवावा. धार टॉवेलने पुसू नये, तीही बिघडते आणि टॉवेलही कापला जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रेझर बाथरूममध्ये ठेवण्यापेक्षा बाहेर हवेशीर जागी ठेवलेला बरा. आठवड्यातून एकदा डोकं उघडून साबणाचा साका जुन्या टूथब्रशने काढावा. जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेला रेझर स्वस्त मिळतो, पण मुलामा उडाला की आतला धातू लवकर खराब होतो. पितळ आणि स्टेनलेस स्टील वर्षानुवर्षं टिकतात. कोणताही धातू फरशीवर आपटला तर पुन्हा वापरण्याआधी धारेची रेष परत तपासावी.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं पुरेसं नाही. कागद भिजतो, फाटतो, आणि जाड एकधारी ब्लेड कचरा वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या हातमोज्यातूनही आत जातं. पत्र्याच्या एखाद्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला बारीक चीर पाडून त्यात ब्लेड जमा करत जावीत. डबा भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून, वर ठळक अक्षरात 'ब्लेड' लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून कामगाराच्या हाती वेगळा द्यावा आणि आत काय आहे ते तोंडी सांगावं. विमानप्रवासात सुटी ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाहीत. रेझरमधलं ब्लेड काढून ठेवावं आणि ब्लेडचं पाकीट चेक-इनच्या सामानात टाकावं. फक्त हातातली बॅग घेऊन निघायचं असेल, तर जुनं कार्ट्रिज त्या दोन दिवसांपुरतं सोबत घ्यावं.